अकरावी कुपी

रात्रभर दर दहा मिनिटांनी
नुग्झारच्या मेंदूतून एक थेंब येतो माझ्याकडे.
थेंब म्हणायचं आपलं. कुपीच्या तळाला
डोळे बारीक केले तर दिसेल इतकंच पाणी.
केसाएवढी नळी त्याच्या कानशिलातून आत गेलेली,
जिथून झटका उठतो असा डॉक्टरांना संशय आहे तिथे.
मी कुपीवर वेळ लिहिते, बर्फात ठेवते.
खिडकीखाली मत्क्वारी वाहते, तिबिलिसी झोपलेली.

नुग्झार दिदुबेच्या बाजारामागे पाव भाजायचा.
मातीची भट्टी, माणूसभर खोल.
कमरेतून वाकून आत डोकं घालायचं,
कणकेची लांबट होडी भिंतीवर थापायची
आणि पापण्या जळायच्या आत वर यायचं.
तीस वर्षं. भुवया कधी धड वाढल्याच नाहीत.
मग एका मार्चमध्ये तो आत वाकला
आणि वर आलाच नाही.
त्सिउरीने पट्ट्याला धरून ओढलं म्हणून आज आहे.
कुणीतरी दातांत चमचा घातला.
एक दात गेला. चमचा अजून घरात आहे, वाकडा.

ग्लुटामेट म्हणजे एका पेशीने दुसरीला म्हणायचं: ऊठ.
गाबा म्हणजे: थांब जरा.
या दोघांच्या घासाघिशीवर
माणसाचा अख्खा दिवस निघतो.

नववी कुपी रोजच्यासारखी. दहावीही.
अकरावीत ग्लुटामेट दुप्पट.
तेव्हा तो जागा होता, नर्सला विचारत होता
उद्या तरी चहात साखर घालाल का.
बोटसुद्धा हललं नव्हतं.
त्याला कळलं नव्हतं. मला कळलं,
पण सकाळी, यंत्रातून कागद निघाल्यावर.
माझं कळणं हे असं, वरातीमागून घोडं.

बारावीत सहापट.
गाबाही वाढलं होतं, नाही असं नाही,
पण चढावर धाप लागलेल्या माणसासारखं.
डॉक्टर लोलुआ म्हणाल्या, व्रणाच्या जागी
काही पेशींच्या आत क्षाराचं माप बिघडतं
आणि "थांब" त्यांना "ऊठ" असं ऐकू येतं.
मला वडील आठवले.
आई "शांत व्हा" म्हणाली
की नेमकी तेव्हाच ताटं फुटायची.

तेरावीत अॅडेनोसिन.
जळून गेलेल्या इंधनाचा उरलेला चुरा,
तोच पेशींवर पसरतो आणि त्यांना निजवतो.
निखाऱ्यांवर त्यांचीच राख ओढावी तसं.
दोन तास तो असा झोपला
की त्सिउरी सारखी नाकाशी हात धरून बघत होती.

दुपारी मी त्याला सांगितलं,
हे ग्लुटामेट पहिल्यांदा सापडलं ते गव्हात,
कणीक धुऊन धुऊन उरतो त्या चिकट गोळ्यात.
पट्टीखालून जेवढं हसता येईल तेवढा हसला.
"म्हणजे तीस वर्षं मी हेच मळत होतो?"
मी म्हटलं, आणि गाबासुद्धा त्यातूनच होतं.
एक तुकडा कापून टाकला की झालं.
"ऊठ"मधूनच "थांब" निघतं.
तो बराच वेळ छताकडे बघत राहिला.
"मग पीठ जास्त नाही झालेलं.
कापणारे हात कमी झालेत."
याला मी मान हलवली की नाही, आठवत नाही.

गुरुवारी शस्त्रक्रिया.
अकराव्या कुपीतलं काही उरलंय का, त्याने विचारलं.
नाही. मोजण्यातच संपतं ते.

तेवढ्यात त्सिउरी भट्टीवरून आली.
भट्टी आता मेहुणा चालवतो.
नुग्झारने पाव उलटा केला,
बोटाच्या पेराने तळावर टकटक केली,
कान लावून ऐकलं.
"कच्चा आहे," म्हणाला,
आणि मोडून मोठा तुकडा मला दिला.